अंगठा उमटेपर्यंत

“अजून एकदा ठेवा, ताई. दाबू नका, नुसता टेकवा.”

रेणुकाने अंगठा काचेवर टेकवला. काचेखाली लाल उजेड झाला, विझला, आणि पडद्यावरच्या चौकटीत ठशाऐवजी परत तोच पांढुरका डाग आला. ऑपरेटर बाईने फडकं ओलं केलं, काच पुसली, मग रेणुकाचा अंगठाच आपल्या हातात घेतला आणि पुसता पुसता थांबली. अंगठ्यावर जुनी साल राहिलीच नव्हती. खालची नवी कातडी गुलाबी आणि गुळगुळीत होती, तान्ह्या पोराच्या टाचेसारखी. तिच्यावर रेघ म्हणून नव्हती.

“भाजलं का हो?”

“नाही. औषधानं गेली साल.”

“असं कोणतं औषध हाय?”

मागे रेणुकाचा नवरा तुळशीराम उभा होता. भिंतीकडच्या बाकड्यावर तिचा थोरला भाऊ गोविंदा आणि चुलते भाऊराव बसले होते. तिघांपैकी एकाच्याही तोंडून तो शब्द निघाला नाही. गेल्या वर्षभरात दोन्ही घरांत तो कुणीच उच्चारला नव्हता. ‘ते दुखणं’ म्हणायचे, जणू नाव घेतलं की ते हाकेला ओ देऊन येणार होतं. अरे, आलेलंच आहे ना ते! रेणुकाला या चोरटेपणाचा मनस्वी कंटाळा आला होता.

“कॅन्सरचं,” ती म्हणाली. “रक्ताचा हाय.”

बाईने तिचा हात सोडला नाही, उलट जरा घट्टच धरला. मग एकेक करून बाकीची बोटं काचेवर ठेवून पाहिली. एका करंगळीची अर्धी कोर तेवढी उमटली, तीही मशीनने नापास केली. शेवटी आतून साहेब आले. त्यांनी चष्मा वर करून रेणुकाचे दोन्ही तळवे पाहिले.

“वीटभट्टीवाल्यांचं असंच होते,” ते म्हणाले. “साल येऊ द्या यांची. पंधरा दिवसांनी आणा, पाच मिनिटांचं काम हाय. नाहीतर मग डॉक्टरचं सर्टिफिकेट, वरून परवानगी, त्यात महिना जाईल.”

साहेब काही वाईट बोलले नाहीत. त्या दिवशी कुणीच वाईट बोललं नाही, आणि तरी जे व्हायचं ते त्याच दिवशी झालं.

कागद हक्कसोडीचा होता, आणि त्याच्या नोंदणीला सहीसोबत मशीनवर अंगठाही लागतो. बाप गेला की लेकींनी आपला हिस्सा भावाच्या नावे सोडून द्यायचा, ही आपल्याकडची रीत. कायदा काही का म्हणेना. सही करते ती बहीण चांगली, तिला दिवाळीला बोलावणं येतं, साडीचोळी होते, तिच्या पोरीच्या लग्नात मामा उभा राहतो. सही न करणारी बहीण कशी असते ते कोणत्याही गावात, कोणत्याही पारावर विचारून पाहा. खामगावच्या अलीकडच्या तिच्या माहेरच्या गावात रेणुका ही दुसऱ्या तऱ्हेची बहीण निघाली. विहिरीकडचं दीड एकर तिच्या वाट्याला येत होतं. तिला एकच मुलगी, छकुली. सासरी अमडापूरला जमीन सासऱ्याच्या नावावर, आणि वाटेकरी दीर पुष्कळ.

“माह्या बापाची जमीन हाय. माह्या पोरीले ठेवीन,” एवढंच ती म्हणाली होती.

त्या दिवसापासून गोविंदाने बोलणं टाकलं. चार दिवाळ्या अमडापूरला माहेरचं माणूस फिरकलं नाही. जमीन गोविंदाच कसत होता, पीकही त्याच्याच घरात जात होतं आणि रेणुकाने त्यातला दाणा मागितला नव्हता. सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, बस. तेवढंच त्याला सलत होतं.

आणि मग तिला ताप यायला लागला. हिरड्यांतून रक्त, दंडावर जांभळे डाग, दोन पायऱ्या चढली की धाप. चिखलीच्या डॉक्टरांनी रक्त पाहिलं आणि सरळ औरंगाबादचा रस्ता दाखवला.

तिथे पहिल्या वेळी औषधं चढवली तेव्हा रक्त साफ झालं होतं. केस गेले, पण रक्त साफ झालं. तुळशीरामने गल्लीत पेढे वाटले. पाच महिने बरे गेले आणि ते परत आलं. तुळशीराम डॉक्टरांसमोर हातच जोडून बसला. “साफ झालं होतं ना हो साहेब? तुमीच म्हणाले होते.” डॉक्टर वऱ्हाडातलेच, कापसाच्या मुलखातले. त्यांनी तुळशीरामला नाही, रेणुकाला विचारलं,

“कपाशी पाहिली आहे ना ताई? बोंडअळीवर फवारा मारला की वर फिरणारी अळी मरते. आणि बोंडात शिरली ती?”

“तिले फवारा पोचत नाही,” रेणुका म्हणाली.

“आणि बोंड कसं दिसतं?”

“हिरवंगार.”

“हे तसंच आहे. आपलं औषध रक्तात फिरतं, रक्तातल्या वाईट पेशी मारतं. पण रक्त तयार होतं हाडाच्या आत, तिथं जो मऊ गर असतो त्याच्यात. त्या गरात काही पेशी दबा धरून बसतात. गरच त्यांना धरून ठेवतो, खाऊ घालतो, झोपवतो. औषध पळणाऱ्याला मारतं, झोपलेल्याला मारत नाही. रिपोर्ट साफ येतो. मग त्या उठतात, आणि उठतात त्या औषधाला सरावलेल्या.”

“मंग आता?”

“आता झाडच उपटायचं. तुमच्या हाडातला गर जाळून टाकायचा आणि भावाच्या पेशी घालायच्या. त्यातही धोका आहे, माणूस दगावू शकतो, तेही आत्ताच सांगतो. पण दुसरा रस्ता नाही. आधी पुन्हा एकदा जबर औषध देऊ, रिपोर्ट साफ करू. आणि साफ झाला की थांबायचं नाही. त्या झोपेत आहेत तेवढाच वेळ आपला.”

ते जबर औषध तिने सोसलं. तोंड आतून सोलून निघालं, तळहात-तळपाय लाल होऊन साल पापुद्र्यांनी उतरली. बोनमॅरो तपासला, साफ आला. जुळतं का ते पाहायला गोविंदाचं रक्त हवं होतं, त्यासाठी तुळशीराम त्याच्या दारात जाऊन रडला, आणि खोटं कशाला बोला, गोविंदा आला, नमुना दिला. भावाबहिणीचं जुळेलच असं नसतं, पण यांचं अख्खंच्या अख्खं जुळलं. डॉक्टरांना भारी आनंद झाला. कापायचं नाही, चिरायचं नाही, काही दिवस इंजेक्शनं घ्यायची आणि मग एका हातातून रक्त मशीनमध्ये जाईल, दुसऱ्या हातातून परत येईल, एवढंच, असं त्यांनी गोविंदाला समजावलं.

“बघू,” गोविंदा म्हणाला.

त्या ‘बघू’वर दिवस जायला लागले. घरी त्याची बायको पुष्पांजली धास्तावली होती. “हाडातलं काढल्यावर माणूस पोतं उचलते का? मंग आमी कोणाच्या तोंडाकडे पाहाव?” तिचंही काही चूक नव्हतं, तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं. अखेर भाऊराव मध्ये पडले. ते अमडापूरला आले, पायावर पाणी घेतलं, खाटेवर बसले आणि म्हणाले,

“ताकाले जाऊन गाडगं कायले लपवा, जवाईबापू? पोरीनं सही करून टाकाव. उद्या तिकडं दवाखान्यात काही बरंवाईट झालं, त जमीन तुमच्या नावावर येईन. बापाची जमीन जवायाच्या घरात! गोविंदाच्या मनात तेच हाय. तो बोलून दाखवत नाही.”

“दादा असं म्हणाला का?” रेणुकाने विचारलं.

“म्हणाला नाही. पण मले समजते ना बाई.”

तुळशीराम रात्री जेवताना हळूच म्हणाला, “पोरीले जमिनीपेक्षा माय पायजे.” रेणुका हो म्हणाली. भाऊराव ती बातमी घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी गोविंदाचा निरोप आला, की हाव, येतो. हे ‘हाव’ कशाला होतं, सहीला की गराला, ते तिला कळेना. भाऊच आहे, असं तिने मनाला बजावलं. लहानपणी नाल्याच्या पुरातून याने आपल्याला खांद्यावर बसवून शाळेतून घरी आणलं होतं, आणि स्वतःची चप्पल वाहून गेली म्हणून बापाचा मार खाल्ला होता. असा माणूस दीड एकरासाठी अडून बसेल होय? मग दुसरं मन म्हणायचं, तर मग सहीच्या आधीच ‘हाव’ का नाही म्हणाला?

म्हणून ते चौघे त्या दिवशी तालुक्याच्या रजिस्ट्री ऑफिसात होते, आणि अंगठा उमटला नव्हता.

बाहेर चहाच्या टपरीवर गोविंदाने चहा सांगितला. रेणुकासाठी ग्लास गरम पाण्यातून काढायला लावला, स्वतः पुढे होऊन पाहिलं, आणि मगच तिच्या हातात दिला. तिला उष्टं-खरकटं चालत नाही हे त्याने कुणाला तरी विचारून ठेवलं होतं. तिला भरून आलं. आता हा म्हणेल, मरू दे तो अंगठा, सोमवारी औरंगाबादला निघू. ती वाट पाहत राहिली. गोविंदा बशीत चहा ओतून फुंकर मारत होता.

शेवटी तिनेच तोंड उघडलं.

“दादा, सोमवारी बोलावलं हाय.”

“कोणाले?”

“तुले. मलेबी. तुही तपासणी करतीन, मंग इंजेक्शनं. तू आल्याबिगर ते माह्यं काही सुरू करत नाहीत.”

गोविंदाने बशी खाली ठेवली. “पंधरा दिवसांनी जाऊ ना. अंगठा आला की सारं एकदमच करू.”

“डॉक्टर थांबू नका म्हणतात.”

“रिपोर्ट साफ हाय ना तुहा?”

“साफ हाय.”

“मंग काय बिघडते? तवरक मी कापूस काढून घेतो. फरदड ठेवली हाय यंदा. पुष्पांजलीले एकटीले होत नाही.”

फरदड म्हणजे हंगाम संपला तरी कपाशी उपटायची नाही, पाणी देऊन आणखी एक वेचा काढायचा. त्याच उभ्या झाडांत अळी मुक्काम करते आणि पुढच्या साली साऱ्या शिवाराला खाते, हे कृषी खात्याची माणसं गावोगाव सांगून थकली. पण झाड तर हिरवं दिसतं, आणि एक वेचा कुणाला नको असतो? रेणुकाने त्याला सांगायला हवं होतं, की दादा, माझ्या हाडात तुझ्या वावरातलीच अळी बसली आहे. ते तिच्या ओठांवरही आलं.

“पंधरा दिवस म्हणजे डोये मिटले अन् उघडले,” भाऊराव म्हणाले.

तिने तुळशीरामकडे पाहिलं. तुळशीराम टपरीवाल्याच्या स्टोव्हकडे पाहत होता. चांगला माणूस, पण चारचौघांत तोंड उघडायचं म्हटलं की त्याची दातखीळ बसायची.

ती रडून, पाय धरून म्हणू शकली असती. तिला भीती वाटली, आणि ती मरणाची नव्हती. मोठ्याने मागितलं आणि हा मोठ्याने नाही म्हणाला तर? तो शब्द एकदा कानावर पडला असता तर मग आपल्याला भाऊ नाही, हे घेऊन जगावं लागलं असतं. पंधरा दिवस थांबणं त्यापेक्षा सोपं वाटलं. माणूस जिवापेक्षा असल्या गोष्टींना का जपतो, देव जाणे.

“बरं,” ती म्हणाली.

संध्याकाळी तुळशीरामने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “भाऊ नाही म्हणतोय का? स्पष्ट सांगा.”

“नाही नाही साहेब. येते ना. येणारच हाय.”

“मग आत्ता का नाही येत?”

तुळशीराम म्हणाला की शेतीची कामं आहेत. बायकोच्या माहेरची अब्रू त्याने अशी झाकून घेतली.

त्यानंतर अमडापूरच्या त्या घरात सगळ्यांचं ध्यान एका अंगठ्याकडे लागलं. सासू खोबरेल कोमट करून द्यायची. तुळशीराम भांड्याला हात लावू देईना. शाळेतून आली की छकुली आईचा हात धरून दारातल्या उन्हात न्यायची आणि डोळे बारीक करून पाहायची.

“आई, इथं एक रेघ आली वं!”

“कुठं?”

“हे पाय ना. खालून वर चालली.”

मग दुसरी आली, तिसरी आली. कडेची वळणं दिसायला लागली. भाऊरावांचा रोज फोन यायचा आणि तुळशीराम उत्साहाने सांगायचा, आलं, बरंच आलं, आता मध्यावर तेवढं राहिलं. लेकराला दात यावेत तसा आनंद झाला होता घरात. रेणुकालाही झाला होता. हसू येईल कुणाला, पण उगवणारं काही आपल्या अंगावर दिसलं की माणसाला बरं वाटतं.

एका सकाळी चूळ भरली तर पाणी लालसर आलं. तिने ते मोरीत सांडलं आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. दुपारी पोटरीवर डाग दिसला, कुठे आपटल्याचं आठवत नव्हतं. तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी चिखलीला जाऊन रक्त दिलं, रिपोर्ट मोबाइलवर औरंगाबादला गेला, आणि डॉक्टरांशी मीच बोलणार म्हणून तिने फोन तुळशीरामच्या हातातून काढून घेतला.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. त्या झोपलेल्या पेशी उठल्या होत्या, आणि आता जोरात होत्या. पुन्हा तसलं जबर औषध द्यायचं तर तिचं काळीज पेलणार नव्हतं, आणि हे उठलेलं असताना भावाच्या पेशी घालून उपयोग नव्हता.

“त्रास होणार नाही एवढं पाहू, रेणुकाताई. ते मी तुम्हाला वचन देतो.”

“साहेब, एक विचारू? त्या सोमवारी आलो असतो त?”

पलीकडे खुर्ची करकरली. “खात्री कुणीच देत नाही. पण तेव्हा त्या झोपेत होत्या, जागा रिकामी होती. म्हणून तर म्हणत होतो.”

“बरं,” ती म्हणाली आणि फोन तुळशीरामला परत दिला. तुळशीराम ओट्यावर बसून हमसाहमशी रडला. ती त्याच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. “माहेरी कोणाले सांगू नका,” ती म्हणाली. “दादाले मीच सांगीन.”

ठरल्या दिवशी गोविंदा सकाळीच आला. शेजाऱ्याची गाडी मागून आणली होती. चार वर्षांनी बहिणीच्या घरात पाऊल टाकत होता, त्यामुळे आधी जरा अवघडला, मग एकदम मोकळा झाला. छकुलीच्या ओंजळीत शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीची बोरं ओतली, म्हाताऱ्यांच्या पाया पडला, आणि खांद्यावरची पिशवी खुंटीला अडकवली.

“पुष्पांजलीनं कापडं भरून देल्ले,” तो म्हणाला. “आज अंगठा देऊ, अन् उद्या पहाटेच तिकडं निघू. मुक्कामाच्या तयारीनंच आलो. कापूसही निपटला.”

तो खरंच निघाला होता. रेणुकाला ते दिसत होतं. दाढी केलेली, नवा सदरा घातलेला, दवाखान्यात जायच्या तयारीतला माणूस.

“दाव बरं, पाहू दे.”

तिने हात पुढे केला. गोविंदाने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि दाराकडच्या उजेडात धरला. अंगठ्यावर गोल गोल रेघा स्पष्ट उठल्या होत्या.

“आला की वं!” तो लहान पोरासारखा हसला. “झ्याक आला!”

“दादा,” ती म्हणाली, “ते परत आलं.”

“काय?”

“दुखणं. परवा रिपोर्ट आला. आता तुहं घेऊन काही उपयोग नाही, डॉक्टर नाही म्हणाले. उद्या तिकडं जायचं नाही आपल्याले.”

गोविंदा तिचा हात धरून तसाच उभा राहिला. मग खाटेच्या कडेला बसला. छकुलीच्या आजीने पोरीला आत बोलावून घेतलं. तुळशीराम चहा घेऊन आला, दोघांच्या मध्ये कप ठेवून तोही बाहेर निघून गेला. मग गोविंदाच्या तोंडून शब्द फुटला, आणि त्याच्यासोबत रडूही.

“रेणू… मी त्या सोमवारी निघालो असतो त?”

हा प्रश्न येणार हे तिला ठाऊक होतं. त्याचं उत्तर तिने दोन दिवस मनात घोळवून ठेवलं होतं. खरं सांगून काय मिळवायचं? आपण जाणार. हा मागे राहणार, वहिनी राहणार, छकुलीला कुणीतरी मामा म्हणून लागणार. एवढं ओझं माणसाच्या उरावर ठेवून गेलं तर त्याने जगावं कसं? कसाही असला तरी भाऊ आहे.

“तरी हेच झालं असतं, दादा,” ती म्हणाली. “दुखण्याची अळी हाडात आतच बसली होती. तू येऊन काही फरक नव्हता.”

“खरं सांगतं?”

“खरं.”

गोविंदाने मोठा श्वास सोडला. दुपट्ट्याने डोळे पुसले, नाक पुसलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग आला, आणि तो पाहून रेणुकाला मनापासून बरं वाटलं. आपल्या हातून अजून कुणाचं तरी भलं होऊ शकतं म्हणायचं. तिने कप त्याच्याकडे सरकवला. त्याने घोट घेतला, मग दुसरा घेतला. आत आजी छकुलीला बोरं मोजून मोजून खा म्हणून दटावत होती.

“रेणू, एक सांगू? राग नको धरू.”

“सांग ना.”

“भाऊरावकाका तिकडं ऑफिसात जाऊन बसले हायेत. नंबर लावला हाय आजचा.” तो अगदी हळू, मायेने बोलत होता. “आता अंगठा आलाच हाय, त… गाडीत बसूनच जायचं, गाडीत बसूनच यायचं. मी हात धरून नेतो. तुले काही त्रास नाही होऊ देत.”

त्रास होऊ देणार नाही हे तो मनापासून म्हणत होता, तीच तर मोठी गंमत होती. रेणुका त्याच्याकडे पाहत राहिली. आधी तिला नुसतं नवल वाटलं. मग पोटातून राग वर आला, चांगला सणसणीत राग. वर्षभर दुखण्याने, औषधाने, लोकांच्या कीवेने अंगातली सगळी धग गेली असं तिला वाटत होतं. ती होती अजून.

“दादा,” ती म्हणाली, “आत्ता मी तुले खोटं सांगतलं.”

“काय खोटं?”

“तवा हाड रिकामं होतं. डॉक्टरनं सोमवार म्हणून सांगतलं होतं, मी तुले तुह्या तोंडावर सांगतलं होतं. तू आला असता त मी जगली असती.”

गोविंदाचा कप हातातच राहिला.

“जमीन छकुलीची हाय,” ती म्हणाली.

त्याच्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजायला लागला. त्याने तो काढला, नाव पाहिलं, आणि हातात धरून बसला. फोन वाजत राहिला.

“उचल,” रेणुका म्हणाली. “काकाच असतीन. सांग त्यायले, बहीण मरून राह्यली म्हणा, पण अंगठा नाही देत.”